कुटारातली अमानत

शुक्रवार, ८ डिसेंबर २०२३, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने एक मेटॅडोर उलटा अंगणात शिरताना टिपला आणि माझ्या मोबाइलवर सूचना पाठवली. मी अकोल्याला होते. ज्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे नमुने तोलत होते. हातमोजा काढून चित्र पाहिले. बाबा हात हलवून चालकाला गाडी मागे घ्यायला सांगत होते आणि दोन माणसे मागची जाळी सोडत होती. वाहन अनोळखी, पण घरचा माणूस समोर उभा. म्हणजे धोका नाही, असा निष्कर्ष मी काढला, सूचना पुसली आणि पुन्हा तराजूकडे वळले.

मी बसवलेल्या यंत्रणेने त्या दिवशी आपले काम चोख केले होते. आमच्या घरातून जे जायला नको होते, ते जाताना तिने पाहिले आणि मीही पाहिले. काय गेले हे मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला तेव्हा कळले.

कॅमेरे आले ते मावशीमुळे. त्याच वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत, कापणीच्या ऐन दिवसांत, अनसिंगला तिचे घर भर दुपारी फोडले गेले. सगळी माणसे वावरात होती. चोरांनी मागच्या खोलीचे टिन उचकटले, कपाट उघडले, हवे ते घेतले. पंचनामा झाला, चौकशी झाली, आणि गोष्ट तिथेच राहिली. मला धडकी भरली ती वेगळ्याच तपशिलाने. जाण्याआधी त्यांच्यापैकी कोणीतरी माठातले पाणी प्यायले होते आणि पेला विसळून, पालथा घालून, जागच्या जागी ठेवला होता. मावशी गेलेल्या दागिन्यांविषयी फारसे बोलतच नसे. ती त्या पेल्याकडे बोट दाखवायची.

“त्यायले घाई नोती वं,” ती म्हणायची. “पाह्य ना, पेला पालथा घातला. घाईच नोती त्यायले.”

घाई नसणे म्हणजे माहिती असणे. सोंगणीच्या दिवसांत कोणाचे घर केव्हा रिकामे असते, हे खेड्यात लपून राहत नाही. मजूर कोणाच्या वावरात गेले, भाकरी कोणाकडून निघाली, थ्रेशर कोणाकडे लागले, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू येते. चोरांना पाळत ठेवावीच लागत नाही. आपण आपला दिनक्रम मोठ्याने बोलून दाखवत असतो. हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर मला अकोल्यातल्या खोलीत बसून आमच्या घराचे प्रत्येक दार मोजण्याची सवय लागली.

आमचे घर आसेगावच्या बाजूला, गाव संपल्यावर रस्त्याकडेला एकटे उभे आहे. आई आणि बाबा दोघेच राहतात आणि दिवसभर दोघेही वावरात असतात. मी चार कॅमेरे घेतले: एक फाटकावर, एक अंगणाकडे, एक मागच्या दारावर आणि एक मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या समोर. लाईट गेली तरी ते चालावेत म्हणून इन्व्हर्टर, दारांना आतून आडवे अडसर, खिडकीला जाळी. बाबांनी शिडी धरली, मी स्क्रू पिळले.

आईची स्वतःची एक खबरदारी होती, ती मात्र माझ्या आराखड्यात नव्हती. घराला कुलूप लावून निघताना ती आतल्या रिकाम्या घराशी मोठ्याने बोलते. “येतो वं मी, दार लावून घेजो आतून,” असे म्हणते, म्हणजे रस्त्यावरच्याला वाटावे की आत कोणी आहे. कॅमेऱ्यातून बोलण्याची सोय होती. एकदा ती असे म्हणत असताना मी अकोल्याहून, अंगणातल्या कॅमेऱ्यातून, उत्तर दिले, “हो, लावते.” आईच्या हातातली बादली खाली पडली.

“मेली असती ना मी!” ती कॅमेऱ्याकडे पाहून ओरडली. “चोरापरीस तुहाच भेव जास्त हाये.”

आमच्या कपाटात आमचे स्वतःचे फार काही नव्हते. भीती होती ती दुसऱ्याच्या वस्तूची.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक तांडा आहे. तिथली बरीच कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. मधले महिने घरांना कुलपे असतात. कुलूप लागलेले घर म्हणजे काय, हे मावशीने आम्हाला शिकवलेच होते. त्या तांड्यातली एक बाई वर्षानुवर्षे आमच्याकडे निंदणाला येते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती मागच्या दाराने येते आणि एक गाठोडे आईच्या स्वाधीन करते. त्यात तिने हंगामागून हंगाम जोडलेली चांदी असते, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी. आई ते हाताने घेत नाही, पदर पसरून घेते. ती उघडत नाही, आत काय आहे विचारत नाही, कुठे ठेवले ते कोणाला सांगत नाही. बाबांनासुद्धा नाही. “तुह्या बाबाले सांगतलं तं ते झोपीतही सांगतीन,” ती म्हणते. लिहून ठेवणे हा तर दोघींच्याही दृष्टीने अपमान. या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे: अमानत. आई तो शब्द नेहमी थोडा हळू उच्चारते, जसे घरात कोणी आजारी असताना बोलावे.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती बाई आली तेव्हा मी सुटीवर घरीच होते. मोबाइलवर मागच्या दाराची सूचना वाजली आणि मी आतूनच म्हणाले, “आई, त्या आल्या बघ.” बाईंनी दचकून वर पाहिले.

“हे काय व्हय, वहिनी?”

“पोरीनं लावलं. चोरासाठी.”

“हे पाह्यते?”

“पाहते आणि साठवूनही ठेवते,” मी बाहेर येऊन सांगितले. माझ्या आवाजात नक्कीच अभिमान असणार. बाईंनी गाठोडे पदराखाली आत ओढले आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आईने पदर पसरला तोही भिंतीकडे तोंड करून.

त्या गेल्यावर आईने मला विचारले, “हे सारं जाते कुठी?”

“कंपनीच्या सर्व्हरवर.”

“कोनाची कंपनी?”

“मला काय माहीत, आई? बाहेरच्या देशातली असेल.”

“नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अन् त्याले माहं कपाट दिसून राह्यलं. वा वं बाई.”

मी तिला बराच वेळ समजावले. चित्र कुलूपबंद होऊन जाते, पासवर्डाशिवाय कोणाला दिसत नाही, असे सगळे सांगितले. तिने मान हलवली. ती मान मी होकार समजले. त्याच संध्याकाळी मी तिला, तिची काळजी कमी व्हावी म्हणून, आणखी एक गोष्ट सांगितली होती. अंगणातल्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात जनावरांचा कोठा येत होता. गायीने शेपटी हलवली की सूचना, कोंबडी उडाली की सूचना. दिवसाकाठी इतक्या खोट्या सूचना यायच्या की खरी त्यांत बुडून गेली असती. प्रयोगशाळेत आम्ही असा गोंधळ आधी वगळतो, मग मोजतो. म्हणून मी पडद्यावर बोटाने एक चौकोन काढून कोठा वगळून टाकला होता. “कोठ्यातले आता कोणालाच काही दिसत नाही,” मी तिला म्हणाले होते. “मलाही नाही.”

आईने माझे म्हणणे नीट ऐकले होते आणि त्यातून तिचा निष्कर्ष काढला होता. घरात एकच जागा उरली होती जी कोणालाही दिसत नव्हती. मी अकोल्याला परतल्यावर तिने गाठोडे कपाटातून काढले आणि कोठ्यातल्या कुटारात, मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून खोल खुपसले. कुटार म्हणजे सोयाबीन थ्रेशरमधून काढल्यावर उरणारा भुसा. आमच्याकडे तो गायी-बैलांना घालतात. ढीग आढ्याला टेकलेला होता. रोज समोरून एक टोपले उपसायचे, म्हणजे मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला होळी उजाडणार, आणि होळीला ती बाई येणारच. हिशेब पक्का होता.

डिसेंबरात मावशीने बोलावले म्हणून आई दोन दिवस अनसिंगला गेली. मावशीला घरात एकटे राहवत नव्हते. त्याच दिवसांत कामरगावचा एक म्हशीवाला कुटार शोधत आमच्या गावात आला. बाबांकडे गायीला पुरून उरेल इतके होते. त्यांनी एक गाडीभर विकून टाकले. मागच्या कोपऱ्यातले जुने आणि कोरडे म्हणून आधी तेच दिले.

“तुह्या बाबानं कुटार इकलं,” आई फोनवर म्हणाली.

“बरं झालं. मग?”

“मांगच्या कोपऱ्यातलंही नेलं वं. भिंतीपर्यंत नेलं.”

“आई, कुटारात काय होतं?”

“काही नोतं.” मग ती म्हणाली, “अमानत होती.”

पुसलेली सूचना, साठवलेले चित्रण, सगळे पुन्हा उघडले. टोपल्यामागून टोपले कोठ्याच्या दारातून बाहेर येत होते आणि मेटॅडोरमध्ये रिकामे होत होते. एकेक टोपले मी थांबवून, मोठे करून पाहिले. भुसा दिसत होता, धूळ दिसत होती. बाबा मधे मधे हसतही होते. चित्रात चोर कुठेच नव्हता. बाईंनी परतल्यावर विचारले तर आम्ही काय सांगणार होतो? जे सांगणार ते चोराच्या कहाणीपेक्षा खोटे वाटले असते: घरावर चार कॅमेरे, आणि चांदी म्हशीच्या वैरणीत गेली. कोण विश्वास ठेवील? मी तरी ठेवला असता का? आणि त्या मुलीचे लग्न?

त्याच दुपारी मी कारंज्यामार्गे कामरगाव गाठले. आई-बाबा मोटारसायकलने आले होते आणि जीप थांबतात तिथे उभे होते. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

“तू मले सांगाले काय झालं होतं?” ते आईला म्हणाले.

“तुमी मले इचारून इकाले काय झालं होतं?”

माझ्या मनात दुसरेच चालले होते. म्हशीवाल्याला खरे कारण सांगितले, तर त्या ढिगावर आमच्याआधी दुसऱ्यांचे हात पडतील. कारण न सांगता विकलेला ढीग उपसू द्या म्हटले, तर तो का देईल? दोन्ही वाटा तिथेच जाऊन थांबत होत्या. हे मी दोघांना सांगितले. आईने डोक्यावरचा पदर ठीक केला आणि म्हणाली, “इळा सांगू.”

विळा. कुटारात विळा राहून गेला आणि तो जनावराच्या तोंडात गेला तर? कोणताही म्हशीवाला या प्रश्नासमोर ढीग उपसू देणारच. खोटे होते, पण निर्दोष बांधलेले होते.

म्हशीवाला पन्नाशीचा, उंच, सावकाश बोलणारा होता. त्याने पाणी दिले. आईने विळ्याचे सांगताच तो ताडकन उठला.

“बाप रे! वहिनी, माह्या म्हशी हायेत न त्या!” आणि आम्ही काही बोलायच्या आत त्याने आपल्या दोन माणसांना हाक मारली. “ये रे, टोपली सोडा अन् इकडे या. कुटारात इळा हाये म्हन्ते. हात सांभाळून.”

आम्हाला हेच नको होते. आता पाच-सहा जण तो ढीग उपसत होते, आणि त्यांतल्या कोणाचाही हात आधी गाठोड्यावर पडू शकत होता. मी प्रत्येकाच्या हातांकडे पाहत होते. कोणी जरा जास्त वेळ वाकले की मी त्याच्या शेजारी जाऊन उपसू लागायचे. भुसा नाकातोंडात जात होता. ढीग आमच्या कोठ्यात होता तसा राहिलाच नव्हता. गाडीत भरताना वरचा खाली आणि मागचा पुढे झाला होता. कोपरा नावाची गोष्टच उरली नव्हती.

थोड्या वेळाने म्हशीवाल्याला काही सुचले. तो घरातून दोरीला बांधलेला एक जाडजूड लोहचुंबक घेऊन आला. बोअरमध्ये पडलेले नटबोल्ट काढायला तो त्याने घेतला होता. त्याने तो ढिगातून नांगरासारखा आडवा-उभा ओढला. खिळे निघाले, तारेचा तुकडा निघाला, थ्रेशरचा एक बोल्ट निघाला.

“हे पाहा. खिळे भेटले, इळा नाही,” तो समाधानाने म्हणाला. “असता तं लोहचुंबकाले चिपकला असता. नाहीच तो यात. तुमच्याच घरी असन, भाऊ. निंबाच्या झाडाले लटकून असन.”

त्याची माणसे हात झटकून उभी राहिली. शोध संपला होता. चांदीला चुंबक ओढत नाही हे मला माहीत होते, आणि ते मी उच्चारू शकत नव्हते. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिचे वर्णन मी आजही नीट करू शकत नाही. चुकीचे उपकरण खात्रीने ‘नाही’ म्हणत होते आणि सगळ्यांना ते पटले होते.

“अजून एकदा पाहू या का?” मी म्हणाले. “तो विळा... वेगळ्या धातूचा होता.”

“इळा वेगळ्या धातूचा?” म्हशीवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे, आणि शेवटी आईकडे. “वहिनी, नेमकं काय हाये यात?”

बाबांनी घसा खाकरला. मी आईचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

“अमानत हाये,” ती म्हणाली. “आमची नाही. तांड्यातल्या एका बाईची हाये. तिच्या पोरीचं लगन हाये.”

म्हशीवाल्याने दोरी गुंडाळली. “निंघा रे,” तो आपल्या माणसांना म्हणाला. ते रेंगाळले तेव्हा त्याचा आवाज चढला, “निंघा म्हटलं न.” त्याने त्यांना बाहेर काढले, स्वतःही बाहेर गेला आणि गोठ्याच्या दाराशी, आमच्याकडे पाठ करून, बाजेवर बसला. “तुमी पाहा,” तो तिकडूनच म्हणाला. “मले सांगू नका भेटलं का नाही ते.”

मला त्याच्या वागण्याचा आदर वाटायला हवा होता. वाटला तो खूप नंतर. त्या वेळी मी एवढाच विचार करत होते की आता आम्ही तिघेच नाही, आणखी तीन माणसांना माहीत आहे.

ढिगात गाठोडे मिळाले नाही. ते मिळाले गव्हाणीत. आईने शेवटी म्हशींच्या समोरचे कालवलेले कुटार चाचपले आणि तिचा हात थबकला. गाठोडे ओले होते. एका म्हशीने कापडाचे एक टोक चघळून चघळून त्याची दोरी केली होती, आणि तीन गाठींपैकी एक गाठ सैल झाली होती.

आईने ते पदरात घेतले. मला मात्र सुटका वाटेना. गाठ सैल झाली होती. काही सांडले असेल का? त्या दोन माणसांपैकी एकाचा हात आधीच गव्हाणीत गेला नसेल कशावरून? एखादी अंगठी म्हशीच्या पोटात नसेल कशावरून?

“उघडून पाहू,” घरी आल्यावर बाबा म्हणाले.

“पाहून काय समजन?” आई म्हणाली. “आत काय होतं हे कोनाले ठाव हाये?”

ती अगदी बरोबर बोलत होती. ज्याची मूळ नोंदच नाही त्यात घट झाली की नाही, हे कोणतेही मापन सांगू शकत नाही. तरीही मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल तराजूवर न उघडलेले गाठोडे ठेवले. कापड वाळल्यावर पुन्हा ठेवले. एक किलो नऊशे बेचाळीस ग्रॅम. त्या आकड्याला अर्थ नव्हता, पण माझ्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

यानंतरचे महिने मी ज्या भीतीत काढले तिच्यापुढे आधीची भीती पोरकट वाटते. कामरगावातून गोष्ट निघाली ती आमच्या गावात पोचेपर्यंत बदलत गेली. आधी कुटारात चांदी निघाली. मग आमच्या कोठ्यात चांदी निघाली. संक्रांतीपर्यंत आमच्या कोठ्याखाली गुप्तधनाचा हंडा निघाला होता. आई फोनवर हसत सांगायची, “हंडा निघाला म्हन्ते. लोकं मले पेढे मांगून राह्यले.” मला हसू येत नव्हते. कोठ्यासाठी काढलेला चौकोन मी पुसून टाकला होता, त्यामुळे आता सगळे दिसत होते. एका दुपारी अनोळखी माणूस फाटकाबाहेर उभा राहून बराच वेळ कोठ्याकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी दोघे आले, बकरी विकत घ्यायची आहे म्हणाले. आमच्याकडे बकरी नाही. एकदा चित्रात कोठ्याच्या जमिनीवर, गायीच्या खुंट्याजवळ, ताजी उकरलेली माती दिसली. ते कुत्र्याचे काम होते, असे बाबा म्हणाले. असेलही. मी तो भाग मोठा करून पाहत राहिले आणि पंज्याचे ठसे शोधत राहिले.

गाठोडे पुन्हा घरात आले होते. या वेळी आईने जागा मला सांगितली. तिच्या आयुष्यात अमानतीची जागा तिने पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला सांगितली आणि मी ते ज्ञान मागितले नव्हते. अकोल्यात रस्त्याने चालताना, जेवताना, प्रयोगशाळेत नमुने तोलताना ती जागा माझ्या डोळ्यांसमोर असे. जणू मी ती विचारातही आणली तर कोणाला तरी कळेल. दर आठवड्याला आई ते तराजूवर ठेवायची आणि फोनवर आकडे एकेक करून वाचायची. “एक. नऊ. चार. दोन.” फेब्रुवारीच्या शेवटी ती म्हणाली, “एक. नऊ. तीन. सहा.” सहा ग्रॅम कमी. सुती कापड कोरड्या हवेत ओलावा सोडते, हे मी रोज मातीच्या नमुन्यांत पाहते. ती घट मी स्वतःच एका कागदावर समजावून देऊ शकले असते. तरी मी तिला पुन्हा ठेवायला लावले, आणि पुन्हा, आणि दारे नीट लावली आहेत ना हेही विचारले.

होळीनंतर ती बाई परतली. मी मुद्दाम रजा घेऊन आले होते. काही न बोलता गाठोडे द्यावे, असे बाबांचे मत होते. सगळे असेल तर प्रश्न नाही, नसेल तर तेव्हा पाहू. आईने त्यांना पुरते बोलूही दिले नाही. बाईंच्या हातात गाठोडे देण्याआधी तिने सगळे सांगितले: कोठा, मेटॅडोर, विळा, म्हैस. बाई उकिडव्या बसून ऐकत होत्या. त्यांचे हात उसाच्या पात्यांनी चिरलेले होते.

“म्हशीनं खाल्लं?” त्यांनी शेवटी विचारले.

“चघळलं वं. टोक.”

“लगनाची चांदी चघळली,” त्या म्हणाल्या. “दूध तरी वाढलं का तिचं?”

कोणी हसले नाही. त्याही नाही. मधल्या खोलीतला कॅमेरा मी त्या सकाळीच काढून ठेवला होता. बाईंनी गाठी सोडल्या, कापड पसरले आणि एकेक वस्तू उचलून दुसऱ्या बाजूला ठेवू लागल्या. ओठ हलत होते. शेवटची वस्तू ठेवून झाल्यावर त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. आईने माझे मनगट धरले होते आणि तिची नखे रुतत होती. दुसऱ्यांदाही त्या तिथेच थांबल्या.

“जोडवं एक दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

बाबा दाराशी उभे होते, ते बाहेर निघून गेले. मला त्या गव्हाणीतले ओले कुटार दिसत होते, दोन माणसांचे हात दिसत होते, आणि तेवढ्या एका जोडव्यासाठी आईची सगळी वर्षे पुसली जाताना दिसत होती. बाईंनी कापड झटकले. काही पडले नाही. मग त्यांनी म्हशीने चघळलेले ते टोक, वाळून काठीसारखे कडक झालेले, दोन्ही हातांनी पिळून मोकळे केले. दुमडीत काहीतरी चकाकले. त्यांनी ते नखाने टोकरून काढले, पदराला पुसले आणि जोडीच्या जोडव्याशेजारी ठेवले.

“हाये,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पैंजणांचा जोड बाजूला काढला. मुलीची सगाई ठरली होती, त्यासाठी तो हवा होता. बाकीचे पुन्हा कापडात ठेवले, तीन नव्या गाठी मारल्या आणि गाठोडे आईसमोर धरले.

“लगन पुढच्या साली. तवरोक राहू द्या, वहिनी.”

आईने पदर पसरला नाही. मी तिला असे थांबलेले कधी पाहिले नव्हते. “इथं लोकं येऊन पाहून राह्यले वं,” ती म्हणाली. “हंडा निघाला म्हन्ते माह्या घरी. तुहं इथं सुरक्षित नाही आता.”

“अन् माह्या घरी हाये?” बाई म्हणाल्या. “माह्या घराचं कुलूप तं हातानं निंघते.”

बाहेर रस्त्यावरून एक गाडी सावकाश गेली. आम्ही तिघींनीही ती दूर जाईपर्यंत ऐकली. मग आईने पदर पसरला.

मी तराजू आणला आणि दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. लिहून ठेवणे बाईंना चालेल का, असे विचारले. त्यांनी आईकडे पाहिले आणि मग मान हलवली. या वेळी मी तो होकारच आहे ना, हे पुन्हा विचारून घेतले. मी गाठोडे तराजूवर ठेवले आणि आकडा स्थिरावण्याची वाट पाहिली. आता घट झाली तर ती कळणार होती. ती कळण्याचीच मला धास्ती वाटत होती. आकडा थांबल्यावर मी तो मोठ्याने वाचला, आणि दोघींनी तो माझ्यामागून हळू म्हटला: एक किलो सातशे आठ ग्रॅम.